दुधाचा उपास

त्यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या कमरेला सोवळं होतं आणि पायात गोदीतले सेफ्टी बूट. बहरीनच्या नईम वस्तीत माझी ताई राहायची, त्या इमारतीचा जिना ते चढत होते. खांद्याला विमान कंपनीने फुकट दिलेली बॅग, तिच्यात शाळिग्राम, शंख आणि घंटा. हातात पाण्याने भरलेली बादली.

"वाट सोड गो," ते म्हणाले. "पूजेचं पाणी आहे. शिवशील."

मी तेव्हाच विमानतळावरून आले होते. हातात सुटकेस, डोळ्यांत झोप, आणि बहरीनमध्ये, न्यायला आलेले भावोजी सोडले तर, मला उद्देशून बोललेलं पहिलं मराठी वाक्य हे! शिवशील! मी जागची हलले नाही. तेही हलले नाहीत. शेवटी भावोजींनी मला दंडाला धरून भिंतीला लावलं आणि कुजबुजले, "गुरुजी आहेत. वाद घालू नकोस."

ते पाणी एअर कंडिशनरचं होतं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. खिडकीत बसवलेल्या एसीच्या मागून जे थेंब थेंब गळतं, ते हा माणूस बादलीत साठवायचा आणि त्याने देवाला स्नान घालायचा. नळाचं पाणी खारट, टँकरचं कोणी कोणी हाताळलेलं. हे मात्र थेट हवेतून सुटलेलं, कुणाचा हात न लागलेलं, म्हणून शुद्ध.

"गंजक्या पत्र्यावरून गळतं ते!" मी म्हटलं.

"पत्रा मी घासतो," ते म्हणाले. विषय खलास.

वरच्या मजल्यावर राहणारे हे गुरुजी आठवडाभर हिद्दच्या गोदीत जहाजांचे पंप दुरुस्त करायचे. शुक्रवारी सुट्टी असली की लोकांच्या फ्लॅटमध्ये सत्यनारायण, वास्तुशांत, बारशी. मूळचे संगमेश्वरकडचे. भिक्षुकी घरातली, पण गावात पोट भरेना म्हणून पान्हा हातात घेतलेला. पूजा सांगतानाही अंगातला फोरमन जात नसे. "पाणी सोडा. यल्ला, यल्ला, आटपा. वहिनी, हाताला हात लावा, हात. लग्नाला इतकी वर्षं झाली, अजून लाजता?" असं भर मंत्रात म्हणायचे. यजमानाचं लक्ष उडालं की घंटा त्याच्या कानाशी वाजवायचे.

आणि त्यांचं एक पालुपद होतं. पूजेत एखादी वस्तू मिळाली नाही तर तिच्या जागी अक्षता वाहतात. बहरीनमध्ये दूर्वा मफी, म्हणजे नाहीत; बेल मफी, आंब्याचा डहाळा मफी. म्हणजे पूजा सगळी अक्षतांचीच. गुरुजींनी हा नियम आयुष्याला लावला होता. भावोजींची रजा नामंजूर झाली, "अभावी अक्षता." इमारतीची लिफ्ट बंद पडली, "अभावी अक्षता." सारखं सारखं ऐकून मला संताप यायचा. नाही त्याबद्दल भांडायचं की तांदूळ टाकून मोकळं व्हायचं?

मी भांडणाऱ्यांपैकी. मुंबईत आमचा गट होता. बाळाला अंगावरून तोडून डब्याच्या पावडरीला लावणाऱ्या जाहिरातींविरुद्ध आम्ही पत्रकं काढायचो आणि प्रसूतिगृहांच्या दारात उभं राहून वाटायचो. आणि व्हिजिट व्हिसावर बहिणीकडे आल्या आल्या मला पहिलं काम काय पडावं? मनामातली एकेक फार्मसी पालथी घालून पावडरीचा डबा शोधणं! ज्याला यात विसंगती दिसते त्याने खुशाल हसावं. माझी भाची दीड वर्षांची होती. दूध पोटात गेलं की तिच्या अंगावर गांधी उठायच्या, ओठ सुजायचे, छाती वाजायची. ताईचं दूध आटलं होतं. डॉक्टरीणबाईंनी सोयाबीनचा डबा लिहून दिला होता. निरोगी मुलाच्या माथी मारलेला डबा वेगळा आणि औषध म्हणून दिलेला डबा वेगळा. एवढं कळत नसेल तर पत्रकं वाटू नयेत.

डबा मात्र मिळायचा तेव्हा मिळायचा. जहाज आलं की आठवडाभर फळीवर दिसायचा, मग पुन्हा "मफी. इंशाल्ला पुढच्या महिन्यात." मग घरात येणारा प्रत्येक जण सल्ला घेऊन यायचा.

"शेळीचं द्या. गांधीजी घ्यायचे."

"शेळीनेही तेच होतं, डॉक्टरांनी सांगितलंय," ताई.

"मग उंटिणीचं. इथली पोरं बघा, कशी धट्टीकट्टी."

"वहिनी, ते डब्यातलं दाट असतं ना, चहाचं, ते आटवलेलं असतं. आटवल्यावर त्यात दूध राहतंच कुठे?"

"नारळाचं काढा की. कोकणातली ना तुम्ही?"

नारळाचं दूध ताई काढायचीच, पण त्यावर मूल वाढत नाही हेही डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. माझी ताई एम. एस्सी. बिस्किटाच्या पुड्यावरची डॅनिश, डच, अरबी अक्षरं ती खालच्या कोल्ड स्टोअरवाल्या वाण्याकडून वाचून घ्यायची. तूप बंद, लोणी बंद, पाव घरचा. असं घर पाहून मला वाटलं होतं, इथे तरी अज्ञानाला जागा नाही.

त्या घरात जे घडलं ते पाहून मी जी हादरले, ती अजून सावरलेली नाही.

निदान झालं, पोरीचं नेमकं काय ते कळलं, म्हणून भावोजींनी सत्यनारायण घातला. शिऱ्यावरून मी दोन दिवस भांडले. प्रसादाचा शिरा दूध-तुपाशिवाय होत नाही, असं गुरुजी. पोरीला मग काय, असं मी. शेवटी तिच्यापुरता तेल आणि नारळाच्या दुधातला वेगळा शिरा ठरला. पूजा संपली तेव्हा मी स्वयंपाकघरात त्या दोन पातेल्यांवर पहारा देत उभी होते. चमचा इकडचा तिकडे जाऊ नये म्हणून! तिकडे हॉलमध्ये काय चाललंय? गुरुजी पळीने तीर्थ देताहेत. पंचामृताचं तीर्थ. दूध, दही, तूप, मध, साखर. ताईने, त्याच एम. एस्सी. ताईने, पोरीची ओंजळ स्वतःच्या हाताने पुढे केली. भावोजींनी कौतुकाने म्हटलं, "जय बाप्पा कर." आणि पोरीने ते चाटून पुसून प्यायलं.

मी शिरा घेऊन बाहेर आले तेव्हा तिचे ओठ फुगायला लागले होते.

गुरुजींच्या पिकअपमधून आम्ही हॉस्पिटल गाठलं. ते सोवळ्यातच, पायात काही न घालता गाडी हाणत होते. पोरीची छाती अशी वाजत होती की मला माझा आवाज ऐकू येत नव्हता. डॉक्टरीणबाई कैरोला शिकलेल्या, तडफदार. इंजेक्शन भरता भरता त्यांनी विचारलं, "काय खाल्लं हिने?"

"काही नाही," भावोजी म्हणाले.

"काहीसुद्धा नाही," ताई म्हणाली. "तिचा शिरा अजून तोंडालाही लावला नव्हता."

ते खोटं बोलत नव्हते हो! हेच तर भयानक. दोघं शिकलेली माणसं शपथेवर सांगायला तयार होती की पोरीने काही खाल्लं नाही. कारण तीर्थ खात नाहीत. तीर्थ घेतात. तीर्थ म्हणजे दूध असतं, हे त्यांच्या डोक्यात शिरतच नव्हतं. मी तोंड उघडणार इतक्यात मागून आवाज आला.

"हलीब," गुरुजी म्हणाले. अरबीत दूध. हॉस्पिटलच्या गुळगुळीत फरशीवर उघड्या अंगाने उभे होते. "दूध. मी दिलं. या हाताने."

सूज उतरायला संध्याकाळ झाली. परत येताना मला राहवलं नाही. मी बोलले. जे तोंडाला आलं ते बोलले. तुमचे मंत्र, तुमचं तीर्थ, तुमची घंटा, पोरीचा जीव गेला असता तर तिच्या जागी काय वाहणार होतात, अक्षता? ताई "अगं" म्हणून माझा हात दाबत होती. ते समोर रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिले. उम्म अल हस्समच्या वळणावर एवढंच म्हणाले, "बोल. थांबू नको."

त्यानंतर त्यांनी कोणाच्याही घरी पंचामृताच्या तीर्थात दूध, दही, तूप घालणं बंद केलं. लोकांनी विचारलं, तर म्हणायचे, "अक्षता वाहतोय." नारळाचं दूध चालेल का, असं कोणीतरी सुचवलं, तर भडकले. "देवाला फसवायचं नाही. नाही तर नाही सांगायचं." कुरकूर झाली. दोन-तीन घरांनी पूजेला बोलावणं बंद केलं. याने मी जरा विरघळले असेन असं वाटत असेल तर तसं नाही. मी म्हटलं, एका माणसाने पळी आवरून काय होणार? लोकांना शिकवलं पाहिजे.

मी पत्रक काढलं. भावोजींच्या ऑफिसातल्या सायक्लोस्टाईल मशीनवर. मथळा: "हेही दूधच आहे!" खाली यादी. तूप, ताक, खवा, पेढा, श्रीखंड, चहातलं दाट दूध, गोड बिस्किटं, आणि जाड अक्षरांत तीर्थ. शेवटी आवाहन: ऍलर्जी असलेल्या मुलाला काहीही देण्याआधी त्याच्या आईला विचारा. दसऱ्याच्या दुपारी मराठी मंडळाच्या मेळाव्यात मी ते दारात उभं राहून वाटलं. सगळ्यांनी घेतलं. "छान उपक्रम" म्हणाले. एकाने शुद्धलेखनाचं कौतुक केलं.

अर्ध्या तासाने प्रसादाचे पेढे आले. बशा कमी पडल्या. आणि मी पाहिलं, डोळ्यांनी पाहिलं, की लोक माझ्या पत्रकाचे चौकोन फाडून त्यात पेढे बांधताहेत. एक बाई तशी पुडी हातात घेऊन माझ्या भाचीसमोर वाकल्या होत्या. "घे गं शोनू. एवढ्याशाने काय होतंय?" पेढ्याच्या तुपाने "पेढा" हा शब्द पारदर्शक झाला होता.

मी धावले. पण गुरुजी आधी पोचले.

"बाई, हात मागे घ्या," ते म्हणाले. मोठ्याने. सगळा हॉल वळला. "पोरीला उपास आहे."

"एवढीशी पोर, आणि उपास?"

"दुधाचा. माझ्या हातून अपराध घडलाय, म्हणून धरायला लावलाय. दूध, दही, तूप, लोणी, खवा, काही चालत नाही. मोडायचा नाही कोणी."

त्या बाईंनी पेढा असा मागे घेतला की जणू निखारा. "अगंबाई! सांगायचं नाही का आधी?" मग मला म्हणाल्या, "काय गं, एवढं पत्रक काढलंस, त्यात उपास आहे म्हणून लिहायचं की!"

मला सांगा, यावर माणसाने काय करावं? ऍलर्जी म्हटल्यावर "एवढ्याशाने काय होतंय" म्हणणारी तीच माणसं. उपास म्हटल्यावर कोणी एका कणाचा आग्रह करीना! उलट शेजारणी विचारायला लागल्या. "हिला चहाचा चमचा चालतो का? दुधाला लागलेला आहे." "साबुदाणा चालेल ना? तो तुपावर नाही परतला, तेलावर परतलाय." "तव्यावर काल लोणी होतं, घासला, पण राहू दे, दुसरा घेते." ज्या बारकाईसाठी मी घसा कोरडा केला होता ती बारकाई या बायकांना जन्मापासून येत होती. फक्त तिला बटण दुसरं होतं.

मी गुरुजींना जिन्यात गाठलं. "हे खोटं आहे. तुम्ही आजाराला धर्म चिकटवताय."

"खोटं कसं? दूध न खाणं म्हणजे दुधाचा उपासच."

"उद्या ती मोठी झाली, कोणी म्हणालं आता उद्यापन करा, पाजा दूध, मग?"

ते थांबले. हा विचार त्यांना शिवला नव्हता हे स्पष्ट दिसलं. "मग तेव्हा तू आहेस की पत्रक घेऊन," ते म्हणाले आणि बादली उचलून वर गेले. मी त्या माणसावर अजून त्या एका उत्तरासाठी चिडलेली आहे.

थंडी पडली आणि सोयाबीनचा डबा नाहीसा झाला. जहाज नाही, डबा नाही, फार्मसीवाला हात झाडून मोकळा. डॉक्टरीणबाईंनी पोरीला काट्यावर बसवलं आणि त्यांचा चेहरा बदलला. वजन हललंच नव्हतं. पायांच्या काड्या. त्यांनी कॅल्शियमचं औषध लिहून दिलं, तीळ द्या, नाचणी द्या, पालेभाजी द्या म्हणाल्या, आणि मग ताईकडे रोखून पाहत म्हणाल्या, "आणि मासे. छोटे, काट्यांसकट, मऊ शिजवून. तुमच्या चारी बाजूंना समुद्र आहे. का देत नाही?"

का देत नाही? कारण आमच्या घरात सात पिढ्यांत कोणी मासा खाल्ला नव्हता. ताई रात्रंदिवस रडकुंडीला आलेली. तिची तयारी होती. भावोजींची नव्हती. आणि त्यांनी पुढे केलं कोणाला? गुरुजींना! "अगं, त्यांनी उपास सांगितलाय पोरीला. उपासाच्या पोरीला मासे? ते काय म्हणतील? अख्खं मंडळ काय म्हणेल?"

"पोरीचे हातपाय बघा," मी म्हटलं.

"तुला समजत नाही."

मला सगळं समजत होतं. मी तिरीमिरीत वर गेले आणि गुरुजींच्या दारावर थाप मारली. "तुमच्या उपासापायी पोरगी वाळत चाललीय," म्हणून त्यांना सगळं ऐकवलं. काट्यावरचं वजन, डॉक्टरीणबाईंचं बोलणं, भावोजींचं उत्तर. ते अंगात बॉयलर सूट चढवत होते, शिफ्टला निघालेले. दार लोटून चालते झाले. पळपुटा, असं मी मनात म्हटलं, आणि ताईला मोठ्यानेही म्हटलं.

दुपारी दार वाजलं. मी उघडलं आणि माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना.

गुरुजी. बॉयलर सूट ग्रीसने माखलेला. हात शरीरापासून लांब धरलेला, आणि हातात वर्तमानपत्राचा ओला पुडका. त्यातून पाणी गळत होतं आणि वास येत होता. ज्या माणसाला जिन्यात माझी सावली चालली नव्हती, तो माणूस मासे घेऊन उभा होता.

"हिद्दच्या कोळ्याकडून घेतले," ते म्हणाले. "बिंत सगीर म्हटलं, लहान मुलगी आहे. त्याने बारीकच निवडून दिलेत. ताजे आहेत म्हणाला. मला काय कळतंय?"

भावोजी मागून आले. "गुरुजी, तुम्ही? अहो, पण उपास..."

"उपास दुधाचा आहे," गुरुजी म्हणाले. "माशांचा मी कधी सांगितला?" मग आवाज खाली आणून, "लागायचं ते पाप मला लागू दे. मी आणलेत. धरा आता, हात अवघडला."

भावोजींनी हात पुढे केला नाही. मी केला. आणि मग लक्षात आलं की आम्ही चौघं मोठी माणसं त्या पुडक्याभोवती उभी आहोत आणि त्याचं पुढे काय करतात हे एकालाही ठाऊक नाही. खालच्या मजल्यावर वसईची बाय राहायची, हॉस्पिटलच्या ऑफिसात टायपिस्ट. मी तिला हाक मारली. ती आली, पुडका उघडला, आणि आमच्याकडे बघून हसत सुटली.

"देवा रे! अंत्ययात्रेला आल्यासारखी काय उभी आहात? तारली आहे. भांडं द्या."

"कुठलं देऊ?" ताई घाबरून म्हणाली. घरात एकच प्रेशर कुकर, वरणभाताचा, आईने रुखवतात दिलेला.

सगळ्यांनी गुरुजींकडे पाहिलं. ते दाराबाहेरच होते.

"कुकर द्या," ते म्हणाले. "कुकर धुता येतो."

बायने मासे साफ केले, दोन आमसुलं टाकली, म्हणाली आंबटाने काटा विरघळतो, आणि शिट्टीवर शिट्टी होऊ दिली. वास सगळ्या जिन्यात गेला असणार. झाकण उघडायच्या आत मंडळाचे चिटणीस वर आले. ते गोदीतच कामाला. बहरीनमध्ये बातमी पिकअपच्याही आधी पोचते.

"गुरुजी, आम्ही माघी गणपतीचं ठरवायला येणारच होतो," ते नाकाला रुमाल न लावण्याचा प्रयत्न करत म्हणाले. "पण गोदीत लोक काहीतरी बोलताहेत. मी म्हटलं, शक्य नाही. त्या खालच्या बाईंनी आणायला सांगितले असतील. तसंच ना? तसं सांगून टाकतो मी."

केवढा सरळ रस्ता होता! बायसुद्धा आतून मान डोलावत होती, सांगा माझं नाव, म्हणून.

"नाही," गुरुजी म्हणाले. "या पोरीसाठी आणलेत. मी, माझ्या हाताने."

"अहो, पण मग गणपतीला तोच हात..."

"दुसरा बघा."

"गुरुजी, विचार करा. इतकी वर्षं तुम्हीच..."

"दुसरा बघा म्हटलं ना. खलास." आणि चिटणीस अजून तिथेच उभे असताना त्यांना ओलांडून त्यांनी आत मान घातली. "काय गो, झालं का? पोरगी ताटकळलीय."

बायने काट्यांसकट सगळं बोटांनी चुरडलं. एक काटा टोचला नाही. नाचणीच्या भाकरीत कालवून ताईने पहिला घास दिला आणि आम्ही सगळे त्या ओठांकडे बघत बसलो. ताईच्या ओठांचा रंग उडाला होता. भावोजी खिडकीकडे तोंड करून उभे होते. चिटणीससुद्धा थांबले होते, हे विशेष.

"ओठ?" दारातून आवाज आला.

"बरे आहेत," मी म्हटलं.

"छाती?"

"वाजत नाही."

पोरगी आमच्याकडे बघून कंटाळली असावी. तिने ताट हाताने बडवलं आणि तोंडाचा आ केला. ताई पुढे होणार तोच भावोजी खिडकीपासून वळले. खाली बसले. त्यांनी बोटं क्षणभर ताटावर अधांतरी धरली, डोळे मिटले, कालवलेल्या भाकरीत ती घातली आणि घास तिच्या तोंडात दिला. मग आणखी एक. तिने त्यांचं बोटही चावलं.

मी दाराशी गेले. मला त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. ते सेफ्टी बुटांच्या नाड्या सैल करत पायरीवर बसले होते आणि स्वतःच्या उजव्या हाताचा वास घेऊन तोंड वेडंवाकडं करत होते.

"खाल्लंन?" त्यांनी विचारलं.

"सगळं. पुन्हा मागतेय."

"मग परवा किती आणू?"